पंचेचाळीस हजारांत चार वर्षं टिकणारा लॅपटॉप: चोपड्याच्या भाऊंना उत्तर

भाऊ, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चोपडा तालुक्यातले, घरी कापूस आणि थोडी केळी. लेकीला जळगावला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय आणि ती होस्टेलला राहणार आहे. मुलींच्या फीमाफीत शिक्षण शुल्क वाचलं, म्हणून लॅपटॉपसाठी ४५,००० रुपये बाजूला ठेवता आले, पण त्यावर एक रुपयाही काढता येणार नाही. दुकानदाराने तीन पर्याय सांगितलेत. पहिला, रायझन ५ ७५२०यू प्रोसेसर, १६ जीबी रॅम (चालू कामांची मेमरी), ५१२ जीबी एसएसडी (फायली साठवायची डिस्क). दुसरा, कोअर आय३-१२१५यू, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. तिसरा कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना लॅपटॉप, कोअर आय७-६६००यू, १६ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, किंमत २३,०००. आणि तुम्ही विचारताय, "आय७ सगळ्यात भारी असतो ना? मग तोच घेऊन बावीस हजार वाचवू का?"

मी जळगावात लॅपटॉप दुरुस्त करतो, अधूनमधून विकतोही. त्यामुळे माझ्या बोलण्याला दुरुस्तीवाल्याचा कल असणार, हे धरून चाला. नवा लॅपटॉप काय काय करू शकतो हे दुकानदार दाखवतो. तो तिसऱ्या वर्षी कुठे मोडतो, हे माझ्या टेबलावर दिसतं.

तुमचा खरा प्रश्न कोणता प्रोसेसर भारी, हा नाहीच. पैसे एकदाच आहेत आणि वर्षं चार काढायची आहेत, तीही आपल्या उन्हाळ्यात, होस्टेलच्या खोलीत, मध्येच पुन्हा खर्च न करता. अमळनेरचे एक बाबा माझ्याकडे आले होते. दुकानदाराने दिलेला माहितीचा कागद त्यांनी उलटा करून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "भाऊ, हाऊ कितला दिन चाली?" लॅपटॉप घेताना विचारायचा प्रश्न तोच.

मग हिशेब असा करायचा: जे भाग पुढे बदलता येत नाहीत, त्यांवर आज पैसे घालायचे. जे बदलता किंवा वाढवता येतात, त्यांत आज काटकसर चालेल. या किमतीच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर मदरबोर्डवरच, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डवर, पक्का बसवलेला असतो, तो कधीच बदलता येत नाही. स्क्रीन बदलता येते, पण खर्च परवडत नाही. बॉडी आणि बिजागऱ्या जशा आल्या तशाच राहतात. एसएसडी, बॅटरी आणि कीबोर्ड बदलता येतात. रॅमचं मात्र मॉडेलवर अवलंबून आहे आणि तुमच्या पहिल्या दोन पर्यायांतला खरा फरक तिथेच आहे. त्याकडे येतोच.

आधी आय७ चा विषय संपवू. तुम्ही जुना ट्रॅक्टर बघायला गेलात तर नुसता एचपी विचारून परत येत नाही, कोणत्या सालचं मॉडेल आहे तेही विचारता. इथेही तसंच. आय३, आय५, आय७ ही त्या-त्या पिढीतली पायरी झाली. पिढी कळते पुढच्या आकड्यावरून. ६६०० म्हणजे सहावी पिढी, १२१५ म्हणजे बारावी. आय७-६६००यू २०१५ सालचा आहे, त्यात दोन कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि चार थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं). आय३-१२१५यू २०२२ चा, त्यात सहा कोअर आणि आठ थ्रेड, आणि त्यातले दोन मोठे कोअर एकेकटेही त्या जुन्या कोअरपेक्षा बरेच वेगवान. थोडक्यात, तुमच्यासमोरचा आय३ तुमच्यासमोरच्या आय७ ला सहज मागे टाकतो.

दुसरी अडचण विंडोजची. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. सहाव्या पिढीवर दुकानदार विंडोज ११ आडमार्गाने टाकून देतो आणि ते चालताना दिसतंही, पण मायक्रोसॉफ्टच्या लेखी ते मशीन अपात्रच राहतं. पुढच्या मोठ्या अपडेटला काय होईल याची हमी कोणी देत नाही. चार वर्षांच्या कोर्ससाठी हा जुगार नको.

याचा अर्थ जुना लॅपटॉप घेऊच नये असा नाही. तुमचं बजेटच पंचवीस हजार असतं, तर मी नव्या स्वस्त सेलेरॉनवाल्या लॅपटॉपपेक्षा ऑफिसातून निघालेला, मजबूत बॉडीचा, आठव्या किंवा दहाव्या पिढीचा आय५ घ्या म्हटलं असतं. त्यांचे कीबोर्ड चांगले असतात, बिजागऱ्या धातूच्या आणि घट्ट असतात, आणि सुटे भाग मिळतात. फक्त बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रामला) पासवर्ड नाही ना आणि मशीन जुन्या कंपनीच्या खात्याला बांधलेलं नाही ना, हे दुकानातच बघायचं. दुकानदाराला विंडोज तुमच्यासमोर नव्याने चढवायला सांगा, मशीन नेटला जोडा आणि मगच पैसे द्या. सुरू होताना कुठल्या कंपनीचं लॉगिन मागितलं, तर तसंच परत ठेवायचं. पण तुमच्याकडे पंचेचाळीस आहेत. तिसरा पर्याय सोडा.

आता पहिला आणि दुसरा. इथे जरा सावकाश वाचा, कारण कागदावर पहिलाच मोठा दिसतो. रायझन ५, १६ जीबी. शेजारी आय३, ८ जीबी. कोणीही पहिल्याला बोट लावेल.

रायझन बनवणाऱ्या एएमडीने २०२३ च्या मालासाठी आकड्यांची एक पद्धत ठेवली होती. चार आकड्यांतला पहिला विक्रीचं साल सांगतो आणि तिसरा आतली रचना. ७५२० मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, २०१९ साली आलेली रचना. ७५३० मध्ये तिसरा आकडा ३, म्हणजे झेन ३. नावात फक्त दहाचा फरक, पण ७५२०यू मध्ये चार कोअर आहेत आणि ७५३०यू मध्ये सहा. दोन्हींच्या डब्यावर रायझन ५ आणि ७००० सिरीज असंच छापलेलं असतं. दुकानात हा आकडा कोणी वाचून दाखवत नाही, म्हणून तुम्ही वाचा.

शिवाय ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ जातीची रॅम घेतो आणि ती बोर्डवर पक्की बसवलेली असते. म्हणजे १६ जीबी घेतली तर ती शेवटपर्यंत १६ च. तुमच्या बाबतीत हे वाईट नाही, इंजिनिअरिंगला १६ पुरते. पण हाच प्रोसेसर ८ जीबीमध्येही विकला जातो, आणि तो कोणी घेतला तर नंतर वाढवायचा मार्गच नाही. माझ्याकडे "रॅम वाढवून द्या" म्हणत लोक येतात आणि बॉटम कव्हर उघडल्यावर स्लॉटच नसतो. त्यांना तसंच परत पाठवावं लागतं.

आय३-१२१५यू च्या बऱ्याच मॉडेलमध्ये डीडीआर४ रॅम असते. काहींत दोन स्लॉट, काहींत थोडी रॅम बोर्डवर आणि एक स्लॉट मोकळा. काही पातळ मॉडेलमध्ये मात्र इथेही सगळी रॅम बोर्डवरच असते. इथे 'अवलंबून आहे' म्हणण्यावाचून इलाज नाही, कारण प्रोसेसरच्या नावावरून हे कळत नाही. पूर्ण मॉडेल नंबर लागतो. दुकानात डेमोचं मशीन सुरू असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा, खाली 'स्लॉट्स यूज्ड' अशी ओळ असते. तिथे दोनपैकी एक दिसलं तर बहुधा एक जागा रिकामी आहे. तरी त्या ओळीवर पूर्ण विसंबू नका, बोर्डवरची रॅमही कधीकधी ती स्लॉट म्हणूनच मोजते. कंपनीच्या साइटवरचं माहितीपत्रक जास्त खात्रीचं.

आठ जीबी पुरते का? पहिल्या वर्षी पुरते. सी, पायथन, थोडं वेब, पीडीएफ आणि व्हिडिओ एवढंच असतं. पण विंडोज ११ आणि ब्राउझरची दहा-बारा पानं उघडली की निम्म्याहून जास्त रॅम गेलेली असते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर), डेटाबेस, व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) आलं की आठमध्ये कुचंबणा होते. अँड्रॉइड स्टुडिओ एमुलेटरसकट (पडद्यावरच्या नकली मोबाइलसकट) नीट चालवायचा तर १६ च हवी. म्हणून आठ जीबी घ्यायची तर रिकाम्या स्लॉटसह, नाहीतर नको.

वर्षभरापूर्वी मी सरळ म्हटलं असतं की आठ घ्या, दुसऱ्या वर्षी स्वस्तात दुसरी पट्टी टाका. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी दोन्हींचे भाव चढले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपलं उत्पादन एआयच्या डेटा सेंटरकडे वळवलं. त्यामुळे 'नंतर टाकू' हा सल्ला आता पूर्वीइतका स्वस्त राहिला नाही. आजच १६ जीबीचं मॉडेल आणि ८ जीबीचं मॉडेल यांतला फरक दुकानदाराला विचारा, आणि सुट्या ८ जीबी पट्टीचा आजचा भावही विचारा. जे स्वस्त पडेल ते. सुटी पट्टी टाकायची तर तिथेच, बिलावर लिहून घेऊन टाका. मूळ ८ जीबी एकाच पट्टीत असेल आणि जोडीला तेवढीच दुसरी बसली, तर मेमरीचे दोन्ही मार्ग (चॅनेल) चालू होतात आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही त्याचा फायदा होतो.

म्हणून माझं म्हणणं: दुसरा पर्याय, स्लॉट मोकळा असल्याची खात्री करून. स्लॉट नसेल तर पहिला, तोही १६ जीबीचाच. आणि या दोघांपैकी काही ठरवण्याआधी त्याच दुकानात आणखी दोन नावं विचारा, रायझन ५ ७५३०यू आणि कोअर आय५-१२३५यू किंवा १३३४यू. एखादं जुन्या साठ्यातलं मशीन तुमच्या किमतीत मिळून गेलं, तर वरची सगळी चर्चा बाजूला ठेवून ते घ्या. नव्या नावांत 'कोअर ३ १००यू' किंवा 'कोअर ५ १२०यू' दाखवले तर घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका, ते तेराव्या पिढीच्याच रचनेवरचे आहेत. एन४५००, एन१०० अशी 'एन'ने सुरू होणारी नावं मात्र फॉर्म भरायला आणि सिनेमे बघायला ठीक, कोर्ससाठी नकोत.

होस्टेलवरचे सीनियर सांगतील की इंजिनिअरिंग म्हणजे ग्राफिक्स कार्ड पाहिजेच. कॉम्प्युटर शाखेला नको. मशीन लर्निंगचा विषय येईल तेव्हा गूगल कोलॅबवर (गूगलच्या कॉम्प्युटरवर ऑनलाइन प्रोग्राम चालवायची सोय) फुकटात काम भागतं आणि कॉलेजची लॅब आहेच. तुमच्या बजेटमध्ये ग्राफिक्स कार्ड बसवायचं तर कंपनीने दुसरीकडे कुठेतरी कात्री लावलेली असते, बहुतेक वेळा स्क्रीनला आणि बॉडीला. मेकॅनिकल किंवा सिव्हिल असतं आणि थ्रीडी मॉडेलिंग रोजचं असतं, तर उत्तर वेगळं दिलं असतं. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एच' असलेले लॅपटॉपही कधी या किमतीत येतात, १२४५०एच वगैरे. ताकद जास्त आहे यात शंका नाही. पण यू प्रोसेसरची मूळ मर्यादा १५ वॉट आणि एचची ४५. म्हणजे उष्णता जास्त, पंख्याचा आवाज जास्त, बॅटरी लवकर संपणार. आपल्याकडे उष्णता हा किरकोळ मुद्दा नाही.

लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान बहुतेक वेळा ३५ अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. प्रोसेसर जळत नाही, तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. त्यामुळे लोक म्हणतात, "उन्हाळ्यात लॅपटॉप हँग होतो, विंडोज परत मारा." विंडोज मारून काही फरक पडत नाही. उष्णतेचा खरा फटका बॅटरीला बसतो. सतत चार्जरला लावलेली, शंभर टक्के भरलेली आणि वरून तापलेली बॅटरी फुगते. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला, क्लिक दबेनासं झालं किंवा झाकण नीट मिटेना, तर त्याच दिवशी चार्जर काढा आणि दाखवायला आणा. वर वजन ठेवून दाबू नका.

आणि कापूस. भाव वाढेल म्हणून दिवाळीनंतर कापूस घरातच साठवलेला असतो. सुट्टीत लेक घरी येते, त्याच खोलीत लॅपटॉप चालवते. पंखा हवा ओढतो आणि त्या हवेबरोबर कापसाचे बारीक तंतू आत जातात. धूळ निदान थोडीफार बाहेर पडते, तंतू हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) जाळीवर नमद्यासारखा थर धरतात. वरून काही दिसत नाही, फक्त पंखा सतत ओरडतो. ज्या घरात कापूस भरलाय, तिथे लॅपटॉप दुसऱ्या खोलीत वापरा, गादीवर किंवा रजईवर ठेवून तर कधीच नाही. वॉरंटी संपल्यावर वर्षाकाठी एकदा आतून साफ करून घ्या आणि दोन-तीन वर्षांनी थर्मल पेस्ट बदला. या कामाला फार खर्च नाही.

माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार मात्र उष्णतेची नाही, बिजागरीची आहे. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू ज्या पितळी बुशात बसतात, ते बुश प्लॅस्टिकमध्ये रोवलेले असतात. बिजागरी घट्ट, प्लॅस्टिक पातळ. दीड-दोन वर्षं रोज एका कोपऱ्याला धरून झाकण उघडलं की एका बाजूचे बुश उपटून येतात, मग कव्हर फाटतं, आणि आणखी थोडे दिवस तसंच वापरलं तर स्क्रीनची केबल कापली जाते. वॉरंटीत बहुधा हे 'फिजिकल डॅमेज' म्हणून नाकारतात. म्हणून दुकानात डेमो मशीनचं झाकण एका बोटाने मधोमध धरून उघडून बघा. उघडताना खालचा भाग सगळाच वर उचलला जात असेल तर बिजागरी फार घट्ट आहे. बिजागरीजवळच्या कोपऱ्यावर अंगठ्याने हलकं दाबा, प्लॅस्टिक करकरतं का ऐका. कागदावरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मी या तपासणीला जास्त मान देतो. आणि लेकीला पहिल्या दिवशीच सांगा, झाकण मध्यभागी धरून उघडायचं, लॅपटॉप उचलायचा तर खालून, स्क्रीनला धरून नाही.

स्क्रीन घेताना आयपीएस (कुठूनही बघितलं तरी रंग न बदलणारा पॅनल) आणि १९२० बाय १०८० एवढं बघा. १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन दाखवली तर नको म्हणा. आयपीएस आहे की जुनी टीएन, ते ओळखायला स्क्रीनकडे बाजूने, वरून आणि खालून बघा. रंग फिके पडले किंवा उलटेपालटे झाले तर टीएन. उजेड बहुतेक वेळा २५० निट्स (उजेडाचं माप) असतो, खोलीत पुरतो, ओसरीवर दिवसा जरा फिका वाटतो. यासाठी जास्त पैसे घालू नका.

विजेबद्दल थोडं. लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे गावाकडच्या कमी दाबाने तो सहसा बिघडत नाही. बिघडतो तो लाइट गेल्यावर परत येताना बसणाऱ्या झटक्याने आणि मे-जूनच्या वादळात. ज्या वाऱ्यात केळीबागा झोपतात, त्या वेळी चार्जर प्लगमधून काढलेलाच बरा. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटत असेल, तर प्लगला अर्थिंग नाही. तीन पिनांच्या प्लगची पिन कापून तो दोन पिनांचा करणं किंवा मधला जुगाड लावणं बंद करा. चांगला स्पाइक गार्डसुद्धा खाली अर्थिंग असेल तरच पूर्ण काम करतो.

आता पैशांची वाटणी. पंचेचाळीसमधले सगळे लॅपटॉपवर घालू नका. चाळीस-एक्केचाळीसपर्यंतचं मशीन बघा. उरलेल्यातून स्पाइक गार्ड, साधा माउस, बॅकअपसाठी काहीतरी, आणि जमलं तर कंपनीची वाढीव वॉरंटी. वॉरंटी घेताना दोन गोष्टी विचारा. ती कंपनीची आहे की दुकानाची? कंपनीचीच घ्या. आणि माणूस घरी येतो की लॅपटॉप घेऊन आपण जायचं? लेक जळगावला असेल तेव्हा घरी येणारी सेवा मिळेल, पण गावच्या पिनकोडला मिळते का ते वेगळं विचारावं लागतं. मदरबोर्ड गेला तर नव्या लॅपटॉपच्या निम्म्याच्या आसपास खर्च जातो, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची वॉरंटी मला तरी फुकट वाटत नाही. 'नो कॉस्ट ईएमआय' घेणार असाल तर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा लागतो, तो आधी मोजा. कुठे घ्यायचा म्हणाल तर ऑनलाइन सेलमध्ये कधी खरंच स्वस्त मिळतो, मी नाकारत नाही. पण तुम्ही पहिल्यांदाच घेताय. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये चार दुकानं फिरा, ऑनलाइनचा भाव मोबाइलवर दाखवा, हजार-दीड हजाराचा फरक राहिला तर दुकानातूनच घ्या. झाकण उघडून बघायला तिथेच मिळतं.

बिल लेकीच्या किंवा तुमच्या नावाने, जीएसटी नंबरसह. डब्यावरचा, लॅपटॉपच्या खालचा आणि बिलावरचा सिरियल नंबर एकच आहे ना बघा. तो नंबर दुकानातच कंपनीच्या साइटवर टाका आणि वॉरंटी कोणत्या तारखेपासून दिसते ते तपासा. डेमोचा तुकडा नवा म्हणून दिला असेल तर बहुधा इथेच कळतं. तारीख चुकीची असेल तर बिल दाखवून कंपनीकडून दुरुस्त होते, पण ते काम त्याच आठवड्यात करा.

आता लॅपटॉप सेट करण्याबद्दल. यात सगळ्यात मोठी गोष्ट अशी की दुकानदाराला स्वतःच्या ईमेलवरून विंडोज सुरू करू देऊ नका. घाईत बरेच जण तसं करतात. विंडोज ११ मध्ये बऱ्याच नव्या मशीनवर डिस्कचं एन्क्रिप्शन (डेटाला कुलूप) आपोआप चालू होतं आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते, ज्याने पहिल्यांदा लॉगिन केलं. पुढे कधी बायोस अपडेट झाला किंवा बोर्ड बदलला की निळ्या पडद्यावर ती की मागतात. ती मिळाली नाही तर आतलं सगळं गेलं. मी किंवा आणखी कोणी काही करू शकत नाही. म्हणून खातं लेकीच्या नावाचं, पासवर्ड तिला पाठ आणि घरी वहीत लिहिलेला, आणि त्या खात्यातली की एका कागदावर उतरवून तुमच्या कपाटात.

डब्यासोबत ऑफिस आलं असेल तर तेही त्याच खात्यावर लगेच चालू करून घ्या, मुदत निघून जाते. आलं नसेल तर दुकानदाराच्या पेनड्राइव्हमधलं 'फुल व्हर्जन' टाकून घेऊ नका. अशा क्रॅकबरोबर काय काय येतं ते आम्ही नंतर काढत बसतो. लिबरऑफिस फुकट आहे, आणि काही कॉलेजं विद्यार्थ्यांना स्वतःच्या ईमेलवर मायक्रोसॉफ्टचं ऑफिस देतात, ते कॉलेजात विचारा. आधीपासून भरलेला ट्रायल अँटीव्हायरस काढून टाका, विंडोजचा डिफेंडर पुरेसा आहे. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये नको ते बंद करा.

पहिले अपडेट काही जीबींचे असतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सुरू केले तर दिवसाचा डेटा चहा होईपर्यंत संपतो. कोणाच्या तरी वायफायवर ते एकदा पूर्ण होऊ द्या, आणि नंतर हॉटस्पॉटला 'मीटर्ड कनेक्शन' (डेटा जपून वापरायचं सेटिंग) करून ठेवा. बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये बॅटरीचं चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय असते, होस्टेलला सतत प्लगला असणार म्हणून ती चालू करा. मराठी टायपिंगसाठी वेगळं काही घ्यायची गरज नाही. सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात.

ड्राइव्हचे तुकडे करू देऊ नका. अजूनही दुकानदार सवयीने सी ड्राइव्ह शंभर जीबीचा करून बाकीचे डी, ई करतात. दुसऱ्या वर्षी सी भरतो आणि डी रिकामा पडून राहतो. आणि ५१२ जीबी घेतल्यावर विंडोजमध्ये ४७६ दिसले तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी एक जीबी शंभर कोटी बाइटचा धरते, विंडोज १०२४ च्या हिशेबाने मोजतं, म्हणून आकडा कमी दिसतो. तेवढ्यापुरता तो निर्दोष आहे.

बॅकअप मात्र कोणी करत नाही. गूगलच्या खात्यात १५ जीबी फुकट मिळतात, प्रॅक्टिकलच्या फायली आणि प्रोजेक्टसाठी ते भरपूर झाले. फोटो आणि सिनेमे त्यात टाकायचे नाहीत एवढं पथ्य.

भाऊ, आता एक काम करा. दुसऱ्या पर्यायाचा पूर्ण मॉडेल नंबर दुकानदाराकडून घ्या, नुसतं कंपनीचं नाव आणि आय३ नको. डब्याच्या बाजूच्या पांढऱ्या स्टिकरवर तो आकडे-अक्षरांचा लांब नंबर असतो, त्याचा फोटो काढून इथे टाका, सिरियल नंबर मात्र बोटाने झाकून. रॅमचा स्लॉट आहे की नाही ते मी बघून सांगतो. तोवर इसार देऊ नका.